छापील आकडा आणि देय रक्कम

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'बँक' हा शब्द भलत्याच वस्तूला चिकटलेला दिसला, की तो थोडा सावध होतो. ब्लड बँकेचे आपण 'रक्तपेढी' असे छान मराठी करून घेतले. पॉवर बँकेची 'वीजपेढी' कोणी केल्याचे ऐकिवात नाही आणि आता होईलसेही वाटत नाही. पण कल्पना पेढीचीच आहे. घरी प्लग मिळतो तेव्हा वीज ठेवायची, बाहेर नड पडली की काढायची. आणि पेढी म्हटली, की आमच्या धंद्यातला सर्वांत जुना प्रश्न तिलाही विचारायला हवा : पुस्तकात जेवढी रक्कम दिसते, तेवढी खिडकीवर हाती पडते काय?

प्रश्न विचारावा अशीच परिस्थिती आहे. स्टेशनाबाहेरच्या पथारीवर, लोकलच्या डब्यात, जत्रेत, आणि मोबाइलमधल्या चकचकीत दुकानांतही वीस हजार, तीस हजार, पन्नास हजार 'एमएएच' असे आकडे छापलेल्या चपट्या पेट्या पाच-सातशे रुपयांना मिळतात. त्याच वेळी नाव-पत्ता असलेल्या कंपनीची दहा हजारांची पेटी हजार-बाराशेच्या आसपास असते. पाचपट माल आणि पाऊणपटीहून कमी किंमत. असे सौदे आम्ही कर्जाच्या अर्जांत पुष्कळ पाहिले आहेत.

ज्यांच्या घरी, कचेरीत आणि मोटारीत तीन-तीन चार्जर लोंबत असतात, त्यांची पॉवर बँक खोटी निघाली तर त्यांचे काही बिघडत नाही. ती खणात पडते आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते. पण ही स्वस्त पेटी मुख्यतः घेतो कोण? दिवसभर दुचाकीवरून घरोघर सामान पोचवणारा मुलगा. त्याचा फोन बंद पडला की त्याची कमाई तिथेच थांबते. रात्रपाळीचा रखवालदार. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी, ज्याला मुक्कामी प्लगसाठी रांग धरावी लागते. आज फोन ही चैन उरलेली नाही. पैसे त्यातूनच येतात आणि त्यातूनच जातात. म्हणून पाच-सातशे रुपयांचा हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

आमच्या सोसायटीत रात्री पहाऱ्याला येणारा मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. दिवसा तो सामान पोचवण्याचे काम करतो. एका संध्याकाळी त्याने खिशातून अशीच एक पेटी काढून माझ्यापुढे धरली.

"काका, तुम्ही बँकेत होता ना? मग ही बँक बघा की जरा."

"केवढ्याला घेतलीस?"

"सातशे नव्व्याण्णव. पन्नास हजारची आहे. धा टाइम फोन भरंल, म्हणला तो."

"आणि भरतो किती वेळा?"

"एकदा पुरा भरतो. दुसऱ्या टायमाला जरासाच, अन् मग बत्ती बंद. नव्वीच आहे, काका!"

नवीच होती. बिघडलेलीही नव्हती. जेवढी होती तेवढे काम ती इमानाने करत होती. खोटे बोलत होता तो तिच्यावरचा छापील आकडा.

आता थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी घाबरू नये, चौथीच्या पुढचे नाही. 'एमएएच' म्हणजे मिलीअँपिअर-तास. हा आकडा एकटा आला तर त्याला फारसा अर्थ नसतो. किती व्होल्टला, हे सोबत सांगावे लागते. शंभर म्हटल्यावर रुपये की डॉलर हे विचारावे लागते, तसेच. पेटीच्या आतली लिथियमची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते. तेव्हा दहा हजार मिलीअँपिअर-तास, म्हणजे दहा अँपिअर-तास, गुणिले ३.७ बरोबर ३७ वॉट-तास. ही खरी ठेव. पण बाहेर यूएसबीच्या तोंडाशी वीज द्यायची असते ती निदान पाच व्होल्टने. त्या चलनात मोजले की दहा हजारांचे सात हजार चारशेच होतात. शिवाय या अदलाबदलीत काही वीज उष्णता होऊन जाते. फोन भरत असताना पेटी कोमट लागते ती त्यामुळे. हाती उरतात सहा-साडेसहा हजार. प्रामाणिक कंपन्या हा आकडा पेटीच्या पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून छापतात, मात्र तो वाचायला आमच्या वयाच्या माणसाला भिंग लागते. आजच्या पाच हजार 'एमएएच'च्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची असते आणि भरताना फोनही थोडी वीज वाया घालवतो. म्हणजे खऱ्या दहा हजारांच्या पेटीतून असा फोन दीडेक वेळा भरेल, वीस हजारांच्या पेटीतून तीनेक वेळा. 'दोनदा भरायला हवा होता' म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ही लबाडी नव्हे. कॅश क्रेडिटच्या खात्यात दहा लाखांचा माल तारण असला तरी मार्जिन वजा जाता साडेसात लाखच उचलता येतात, त्यातलाच हा प्रकार. आम्ही त्या उचलता येण्याजोग्या रकमेला 'ड्रॉइंग पॉवर' म्हणत असू. पॉवर बँकेला हा शब्द किती चपखल बसतो!

लबाडी सुरू होते ती मालच नसतो तिथे. तालुक्याच्या गावी असताना एका व्यापाऱ्याच्या गोदामाची तपासणी करायला गेलो होतो. तुरीची पोती छतापर्यंत रचलेली. पुढच्या दोन रांगांतली उघडून दाखवायला तो अगदी तत्पर होता. मागच्या रांगेतले एक पोते हमालाने एका हाताने उचलले, तेव्हा सगळा उलगडा झाला. आत भुसा होता. पोत्याच्या आकारावर न जाता वजनावर जावे, ही बुद्धी आम्हाला असल्या गोदामांनी दिली.

पॉवर बँकेला ती परीक्षा फार छान लागू पडते. लिथियम बॅटरीचा शोध थोर आहे. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना तिच्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण चमत्कार तिलाही करता येत नाहीत. १८ मिलिमीटर व्यासाची आणि ६५ मिलिमीटर लांबीची जी नळकांड्यासारखी बॅटरी सर्रास वापरली जाते, तिच्यातली उत्तमातली उत्तमही साडेतीन हजारांच्या आसपासच वीज साठवते आणि वजनाला पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरते. पन्नास हजारांसाठी अशा चौदा-पंधरा नळ्या हव्यात. म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचेच वजन पाऊण किलोच्या घरात. आमच्या रखवालदाराची पेटी मी घरातल्या काट्यावर ठेवली, तर ती कवचासकट सव्वादोनशे ग्रॅम भरली. इथेच निकाल लागला. अर्थात ही परीक्षा एका बाजूनेच चालते. पेटी हलकी असेल तर आकडा खोटा, हे निश्चित. जड असेल तर खरा, असे मात्र नाही. वजन भरायला आत वाळू घातलेल्या बनावट पेट्याही सापडलेल्या आहेत. भुशाच्या पोत्यात दगड घालणारेही असतातच.

दुसरी परीक्षा भावाची. बॅटऱ्या स्वस्त झाल्या आहेत हे खरे आहे, म्हणून स्वस्त दिसले की संशय घ्यावा असे मी म्हणणार नाही. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या पाहणीनुसार, २०१० मध्ये लिथियम बॅटरीच्या संचाला दर किलोवॉट-तासामागे हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. २०२४ मध्ये हा जागतिक सरासरी भाव ११५ डॉलरवर आला. पण हा मोटारींसाठी वगैरे घाऊक खरेदी करणाऱ्यांचा भाव. पन्नास हजार 'एमएएच' म्हणजे १८५ वॉट-तास. त्या भावानेही निव्वळ बॅटरीचेच सतराशे-अठराशे रुपये होतात. मग कवच, सर्किट, वाहतूक, कर आणि पथारीवाल्याचा नफा धरून ती सातशे नव्व्याण्णवला कशी मिळेल? जो माल घाऊक भावाच्या निम्म्याहून कमी किमतीत किरकोळीने मिळतो, तो एक तर चोरीचा असतो किंवा नसतोच.

गंमत म्हणून तिसरीही सांगतो. विमानात प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक जवळच्या पिशवीतून नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यावर मनाईच. तेव्हा पन्नास हजारांची ही पेटी खरी असेल तर विमानात नेता येणार नाही. 'विमानात चालते' असे खोक्यावर छापले असेल, तर त्या दोन विधानांपैकी एक खोटे आहे. मी कादंबऱ्या लिहितो, कल्पित साहित्याविषयी मला आदर आहे. फक्त ते मुखपृष्ठावर तसे सांगून विकलेले असावे.

त्या मुलाच्या पेटीचा हिशेब असा निघाला : फोन सव्वा वेळा भरतो, म्हणजे आत नऊ-दहा हजारांच्या आसपास ठेव आहे. आता कोणी म्हणेल, मग वाईट काय? आठशे रुपयांत दहा हजारांची पेटी मिळाली, तीन-चारशे वाचलेच! हा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि नुसत्या आकड्याच्या खोटेपणाचाच प्रश्न असता तर मी तो मान्यही केला असता. बाजारात थोडेफार फुगवून सांगणे चालतेच. पण जिने पाठीवर पाचपट खोटे छापले, तिने पोटात काय केले असेल?

पोटात एक सर्किट असावे लागते. बॅटरी ४.२ व्होल्टला पोचली की भरणे थांबवणारे, फार रिकामी होऊ न देणारे, आणि तारेला तार लागली तर वीज तोडणारे. हा पेढीचा रोखपाल. स्वस्त पेटीत काटकसर पहिली त्याच्यावर होते. शिवाय जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या, अर्ध्या संपलेल्या बॅटऱ्या नव्या कवचात बसवण्याचा उद्योगही चालतो. बाहेरून काहीच कळत नाही. लिथियम बॅटरीच्या आतला पातळ पडदा फाटला आणि दोन टोके भिडली, की ती आपल्याच उष्णतेने अधिकाधिक तापत जाते आणि पेट घेते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधी जळाले. सुदैवाने आतले सगळे १७६ जण बाहेर पडले. सामानाच्या कप्प्यातल्या एका पॉवर बँकेतले इन्सुलेशन निकामी झाल्याने आग लागली असावी, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. आमचा रखवालदार ती पेटी रात्री खोलीवर चार्जिंगला लावून, उशाशी घेऊन झोपणाऱ्यांपैकी. त्या पत्र्याच्या खोलीत चौघे राहतात.

मग नावाजलेल्या कंपनीची पेटी पेटतच नाही काय? पेटते. जून २०२५ मध्ये अँकर या प्रसिद्ध कंपनीने एकट्या अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. पण 'परत मागवल्या' हे शब्द पाहा. पथारीवरची पेटी परत कोण मागवणार? कर्ज बुडत नाही असा ऋणको कोणी पाहिलेला नाही. म्हणून तर जामीनदार घ्यायचा. त्या तीन-चारशे रुपयांत आपण जामीनदार विकत घेत असतो. त्या मुलाचा पथारीवाला पंधरा दिवसांत जागा सोडून गेला होता.

आपल्याकडे पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. पेटीवर ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असावा लागतो. 'बीआयएस केअर' या ब्युरोच्या अॅपमध्ये तो घातला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. चिन्ह कोणीही छापील; क्रमांक ताडून पाहणे महत्त्वाचे. सही आहे म्हणून चेक वटवायचा नसतो, नमुन्याशी जुळवायची असते. मात्र ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची आहे. छापलेली क्षमता आत आहे की नाही, याची हमी ती देत नाही. आणि इथे माझी तक्रार सरकारकडे आहे. भाजीवाल्याचा तराजू वैधमापन खात्याकडून शिक्का मारून घ्यावा लागतो, पेट्रोल पंपाचे माप तपासले जाते, बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम छापावे लागतात. मग वीज विकणाऱ्या पेटीचे माप का तपासू नये? 'एमएएच'चा मोठा आकडा पुढे मिरवू देण्याऐवजी, यूएसबीच्या तोंडाशी प्रत्यक्ष मिळणारे वॉट-तास त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची सक्ती करावी आणि वर्षातून काही नग बाजारातून उचलून मोजावेत. मोजायला काही मोठी प्रयोगशाळा लागत नाही. यूएसबीला जोडायचा छोटा मीटर काहीशे रुपयांना मिळतो. तोवर फसलेल्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवावी, बिल असेल तर. बिलच नसते, ही पथारीची खरी किंमत.

त्या मुलाला मी सांगितले, नोंदणीक्रमांक ताडून दहा हजारांची घे, बिलासकट घे. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की म्हातारा बँकेत नक्की काय करत होता! "पन्नास टाकून धा घेऊ?" हे त्याला पटायला दोन दिवस आणि स्वयंपाकघरातला काटा लागला. शेवटी त्याने एका सवलतीच्या आठवड्यात नऊशेला घेतली. ती फोन दीड वेळा भरते. जुनीपेक्षा थोडी अधिकच.

राहिला प्रश्न जुन्या पेटीचा. ती फुगायला लागली असेल, पोट वर आले असेल, तर एकदाही चार्जिंगला लावू नये, दाबू नये, उघडून तर मुळीच पाहू नये. आणि घंटागाडीतही टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत अशी बॅटरी चिरडली की गाडी पेटते आणि तिथे उभा असतो तो आणखी एक तुटपुंज्या पगारावरचा माणूस. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर ती वेगळी नेऊन द्यावी. आमच्या सोसायटीत त्यासाठी जिन्याखाली एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. महिन्याभरात त्यात सात पेट्या जमल्या. त्यांवरच्या छापील आकड्यांची बेरीज दोन लाखांच्या वर जाते. काट्यावर त्या सगळ्या मिळून दीड किलोही भरल्या नाहीत.