लहान सांध्यांचे विकार आणि शस्त्रकर्माची वेळ

गुडघ्याच्या सांधेरोपणाविषयी आज खेड्यातील रुग्णही माहितीने बोलतो. हाताची बोटे आणि पायाचा चवडा यांच्या सांध्यांविषयी मात्र रुग्ण बोलत नाही आणि वैद्यही क्वचितच विचारतात. हे सांधे वर्षानुवर्षे तेल, लेप व गुग्गुळकल्पांवर निभावून नेले जातात. अनेकांना त्याने उपशय मिळतो, हे मान्य. परंतु ज्यांना मिळत नाही, त्यांना शल्यकाकडे केव्हा पाठवावे याचा विचार आपल्या व्यवसायात पुरेसा होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुग्णास पाठविणे म्हणजे शास्त्राचा पराभव, हा समज निराधार आहे. गुल्म पक्व झाल्यावर तेथे धान्वन्तरीयांचा अधिकार असल्याचे स्वतः चरकांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. काय व शल्य यांची सीमा ओळखणे हा वैद्यधर्मच होय.

या शस्त्रकर्मांचे स्वरूप आपणांस ठाऊक असावे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजल्यास तेथील ट्रॅपिझियम हे लहान अस्थी काढून टाकतात. वेदना बहुधा शमते, पण हातात पूर्ववत बळ येण्यास काही महिने लागतात. बोटाच्या टोकाचा सांधा जोडून टाकल्यास वेदना जाते आणि वाकणेही जाते. आमवातात विद्रूप झालेल्या बोटांच्या मूळसांध्यांत सिलिकोनचे सांधे बसविण्याची पद्धत अमेरिकन शल्यक स्वॉन्सन यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. पायाच्या अंगठ्याचा सांधा ताठरू लागला असता प्रारंभी वाढलेले हाड तासता येते; झीज पुढे गेल्यावर सांधा जोडावा लागतो. प्रत्येक उपायात काही मिळते व काही सोडावे लागते. रुग्णास हे आधी समजावून सांगणारा वैद्य त्याचे मोठेच हित करतो.

विलंब सर्वांत महाग पडतो तो आमवातात. मनगटाची सूज टिकून राहिली की तेथील कंडरा घासून तुटू शकते. करंगळी एके दिवशी सरळ होईनाशी होते आणि फारसे दुखत नसल्याने रुग्ण दुर्लक्ष करतो. पुढे अनामिकेचीही तीच गत होते. अशी करंगळी दिसताच रुग्णास काही दिवसांच्या आत हाताच्या शल्यकाकडे पाठवावे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू झाल्याने अशा शस्त्रकर्मांची गरज पूर्वीपेक्षा घटली आहे. म्हणून संधिवाततज्ज्ञाचे मत तर त्याही आधी घ्यावे. ज्वरासह एकच सांधा लाल, उष्ण व अतिशय वेदनायुक्त झाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह्याचा पाय सुजून उष्ण झाला आणि दुखत मात्र नसेल, तर मर्दन व स्वेदन थांबवून त्यास पायावर भार देऊ नये असे सांगावे व तातडीने तज्ज्ञाकडे धाडावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ असू शकते. त्याने अस्थी दुर्बल होतात, व्रण भरण्यास विलंब होतो, आणि शस्त्रकर्माच्या वेळी ती पुडी अकस्मात बंद झाल्यास प्राणावर बेतू शकते. अशी पुडी दुकानात ठेवू नये आणि रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी शल्यकास मिळेल असे पाहावे.

२०२०च्या नोव्हेंबरात शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची अधिसूचना निघाली आणि शस्त्र कोणी धरावे यावर देशभर वाद झाला. तो वाद आपल्या जागी असो. शस्त्राची वेळ ओळखण्याचे उत्तरदायित्व मात्र रुग्णास प्रथम पाहणाऱ्याचेच आहे. म्हणून आमची सूचना इतकीच, की सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णास मूठ मिटून उघडण्यास सांगावे, अनवाणी उभे करून चवडा पाहावा आणि आढळलेले केसपेपरवर दिनांकासह नोंदवावे. या तपासणीस दोन मिनिटे लागतात. तुटलेल्या कंडरेस पुन्हा कार्यक्षम करण्यास महिने लागतात.