वासराला कच्चे सोयाबीन नको

सेनगाव तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. बैठक आटोपल्यावर एक माउली थांबली. घरी एक गाय आणि दोन महिन्यांची कालवड. म्हणाली, "भाऊ, ढेप परवडंना. मजुरीत मिळालेलं सोयाबीन पडलंय घरात. तेच भरडून कालवडीला घालू का?"

प्रश्न साधा नाही. ज्या घराला शेत नाही, त्या घराची कालवड हीच ठेव. ती जगली तर काही वर्षांनी दारात दुसरी दुभती गाय उभी राहते.

आम्ही सांगितले, "कच्चे घालू नका, माय." सोयाबीनमध्ये शंभरात 36 ते 40 भाग प्रथिने असतात हे खरे. पण कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिने पचू देत नाही. लहान वासराचे रवंथाचे पोट अजून तयार झालेले नसते, त्यामुळे त्याला हगवण लागते, अंग धरत नाही. सरकीची ढेपही एवढ्या लहान वासराला बाधते. मोठ्या गाईलासुद्धा युरिया प्रक्रिया केलेल्या वैरणीबरोबर कच्चे सोयाबीन कधीच देऊ नये, विषबाधा होते.

मग करावे काय? सोयाबीन विकावे आणि तेल काढून भाजलेली सोया पेंड आणावी. तिच्यात प्रथिने सुमारे 45 टक्के, तर टरफलासह काढलेल्या सरकीच्या ढेपेत सुमारे 22 टक्के. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडून पाहिला. 1 किलो प्रथिनांसाठी ढेप लागते साडेचार किलो, सोया पेंड सव्वादोन किलो. म्हणजे पेंडीचा दर ढेपेच्या दुपटीहून कमी असेल, तर पेंडच स्वस्त.

वासराच्या 10 किलो खुराकासाठी मक्याचा भरडा 5 किलो, सोया पेंड 3 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 700 ग्रॅम, क्षार मिश्रण 200 ग्रॅम आणि मीठ 100 ग्रॅम घ्यावे. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर द्यावे, हळूहळू वाढवावे. जवळ स्वच्छ पाणी ठेवावे. मात्र डेअरीला घालण्यासाठी वासराच्या वाट्याचे दूध तोडू नये.

मोठ्या गाईला तूर-हरभऱ्याची चुनी, शेवरीचा पाला चालतो. अझोलाही चांगला, अंगणातल्या खड्ड्यात होतो. पण ओल्या अझोलात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असते. किलोभर अझोलातून 20 ग्रॅमही प्रथिने मिळत नाहीत. त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नये.

बुरशी लागलेली पेंड स्वस्त मिळाली तरी आणू नये. तिचे विष दुधात उतरते आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

बंधू-भगिनींनो, पुढच्या बाजारी गोणी घेताना तिच्यावरचा प्रथिनांचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्या, तिच्याकडून वाचून घ्या आणि मगच पैसे मोजा.