लेकीचं मासिक

मैत्रिणींनो, मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लेक जपानी शिकली, ओसाकाला नोकरी करते. आता तिथल्या दोन मैत्रिणींबरोबर ती एक छापील मासिक काढणार आहे. विषय काय, तर जपानमधली व्यावसायिक कुस्ती! त्यासाठी तिनं आईकडे लाख रुपये मागितलेत. “पैसे लग्नासाठी ठेवलेले. आणि मुलीच्या जातीला कुस्तीचं काय करायचंय?” असं ताई विचारतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. ताई, ही आपली कोल्हापूरची तांबड्या मातीतली कुस्ती नव्हे. दोरांच्या रिंगणात खेळतात, निकाल आधी ठरलेला असतो, आपटणं मात्र खरंखुरं. १९५० नंतरच्या दशकात रिकिडोझान या मल्लानं ती घरोघरी पोचवली. आणि मुलीच्या जातीचं म्हणाल तर १९६८ साली तिथे खास बायकांच्या कुस्तीची ‘ऑल जपान विमेन्स’ ही संस्था निघाली. १९८० नंतर तिथल्या चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या जोडीनं शाळकरी पोरींना अक्षरशः वेड लावलं. दोघी गाणीसुद्धा म्हणत, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत. पण पंचविशी-सव्विशी आली की निवृत्त व्हायचं, असा तिथला दंडक! नागायोही १९८९ मध्ये निवृत्त झाली. पण घरी बसून राहिली नाही हो. परत आली, स्वतःची ‘गैया जपान’ संस्था काढली, १९९५ मध्ये तिचा पहिला कार्यक्रम केला. आता सांगा, हे लिहायला मुलगी नको तर कोण हवं?

जपानीत या विषयाला वाहिलेली साप्ताहिकं १९८० नंतरच्या दशकातच निघाली. पण जपानी न येणाऱ्यानं काय वाचायचं? तेव्हा लेकीची कल्पना खुळी नाही. शिवाय हौशी मंडळींनी स्वतः छापून विकण्याची तिकडे जुनी रीत आहे. टोकियोत १९७५ पासून त्यासाठी मोठा मेळाच भरतो.

आता पैशाचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण माझे हात पोळलेत. शाळेतल्या एका बाईंबरोबर मी मुलांचं मासिक काढलं होतं. चौऱ्याऐंशी घरांतून वर्षाची वर्गणी घेतली, चौथ्या अंकाला दम संपला. वर्गणीचे पैसे कागदात कधीच गेले होते. माझ्या अर्धवेळ पगारातून ते फेडायला वर्ष लागलं. यजमान काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून लेकीला सांगा, वर्गणी आत्ता घेऊ नको. एकेक अंक विक. आणि मासिक कशाला? तीन महिन्यांनी एक निघाला तरी पुष्कळ, नोकरी सांभाळायची आहे. हिशेब छापलेल्या प्रतींवर नको, विकलेल्या प्रतींवर मांड. धरा, तीनशे प्रतींना साठ हजार लागले. प्रत दोनशेला पडली असं वाटतं. खपल्या दोनशेच, तर पडली तीनशेला! परदेशी पाठवायचं टपाल वेगळंच. पानं चाराच्या पटीत ठेवली की मधोमध पिना मारून अंक होतो, बांधणीचा खर्च वाचतो. फोटोंचं मात्र फार सांभाळा. दुसऱ्यानं काढलेला फोटो लेखी परवानगीशिवाय छापायचा नाही, आणि स्वतः काढलेला असला तरी कुस्ती भरवणाऱ्या संस्थेला विचारायचं. ते जमेना तर चित्रं काढणारी एखादी मैत्रीण गाठा.

आणि ताई, लाख देऊ नका. पंचवीस हजार द्या, पहिल्या अंकापुरते, आणि ते परत येतील असं धरू नका. उरलेले आहेत तिथेच राहू द्या, पण त्याला लग्नाचे पैसे म्हणायचं की लेकीचे, हे तिच्याशीच बोला. पहिला अंक निघाला की एक प्रत मला पाठवायला सांगा. विकत हं, भेट नको.