घरच्या संगणकाचा आवाज व त्यांतील तबकडीची निवड

सन २०२० च्या मार्च महिन्यांत शाळांचे दरवाजे बंद झाले आणि वर्ग घराघरांत शिरले. तेव्हांपासून आपल्या गांवांतील पुष्कळ कुटुंबांत संगणक हा घरचा एक रहिवासी होऊन बसला आहे. कोणीं तो नवा घेतला, कोणीं एखाद्या कचेरीनें काढून टाकलेला थोडक्या किंमतींत आणला. त्या वेळीं तो चालतो कीं नाहीं एवढेंच पाहिलें गेलें, व तें योग्यच होतें. पुढें शाळा भरूं लागल्या, पण संगणक घरींच राहिला, आणि आतां पालक भेटीस आले म्हणजे मुलाच्या गुणांची चौकशी आटोपल्यावर हळूच विचारतात, "सर, यंत्र रात्रीं फार घरघरतें. त्यास कांहीं उपाय आहे काय?"

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. ज्यांच्या घरीं अभ्यासास निराळी खोली आहे त्यांस तो सुचणारही नाहीं. परंतु शिवाजी पेठेंतील किंवा मंगळवार पेठेंतील दोन खोल्यांच्या घरांत जेथें आजी निजते तेथेंच दहावीचा मुलगा रात्रीं अकरापर्यंत यंत्रापुढें बसलेला असतो, आणि पलीकडे धाकटी बहीण पाठांतर करीत असते. अशा घरांत शांतता ही श्रीमंतांची चैन नव्हे. ती तिघांनीं वांटून घ्यावयाची वस्तु आहे, व ती यंत्रानें एकट्यानेंच खाऊन टाकणें बरें नव्हे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. घरांत रोज चालणाऱ्या यंत्रांत फिरती तबकडी नसावी. पण ती घरांतून अजीबात हद्दपारही करूं नये. हीं दोन वाक्यें परस्परविरोधी वाटतील, म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

ज्या पेटींत संगणक आपलें सारें लिखाण, चित्रें व गाणीं सांठवितो, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्यांत गुळगुळीत तबकड्या एका आंसावर फिरत असतात आणि त्यांच्यावर एक दांडी पुढेंमागें धांवत अक्षरें वाचते व लिहिते. अशी पहिली तबकडी-पेटी आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं विक्रीस आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटास १२०० फेरे घेत, आणि एवढ्या कपाटभर यंत्रांत केवळ ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहणारी पेटी तिच्या लक्षावधिपट मजकूर सांठविते. मात्र तिची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. सातवीच्या विद्यार्थ्यानेंही ७२०० ला ६० नीं भागून पाहावें. सेकंदास १२० फेरे झाले, व म्हणूनच यंत्राजवळ कान नेला असतां जो मंद षड्जासारखा गुंजारव ऐकूं येतो त्याचें मूळ सेकंदास १२० कंपनें हें असतें. दांडी धांवतांना जी कुरकुर होते ती निराळी. फिरण्याचा नाद सतत असतो म्हणून कान त्यास सरावतो. कुरकुर अधूनमधून होते म्हणून तीच झोंप मोडते.

आतां ह्यांत एक गंमत आहे, आणि ती आपल्या शेजारच्या मिरजेकडे पाहिल्यास लवकर समजते. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांमध्यें ताणून छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट पोंचणार नाहीं. ती भोपळ्यावर व त्याच्या लांकडी तबलीवर चढली म्हणजे दिवाणखाना भरून टाकते. प्रयोगशाळेंत नादकांटा वाजवून त्याचा दांडा बाकावर टेंकविल्याबरोबर सारा वर्ग दचकतो, त्याचेंही कारण हेंच. संगणकांतील तबकडी ही तार आहे आणि पत्र्याचा डबा हा भोपळा आहे. त्यांतून तो डबा कोणी पोकळ लांकडी कपाटावर ठेवला, म्हणजे एका भोपळ्याखालीं दुसरा भोपळा जोडल्यासारखेंच झालें! म्हणून ज्यांस तूर्त खर्च करावयाचा नाहीं त्यांनीं डबा कपाटावरून खालीं घ्यावा, त्याच्या चार कोपऱ्यांखालीं जुन्या घोंगडीच्या चार घड्या द्याव्या, आणि आंतील तबकडीच्या स्क्रूंखालीं रबराच्या चकत्या बसवून घ्याव्या. मात्र हवेचीं भोंकें बुजवूं नयेत. आवाज कोंडावयास जाऊन उष्णता कोंडली, तर तबकडीचें आयुष्य कमी होतें.

त्यापूर्वीं आवाज कोणाचा हें ठरविलें पाहिजे. उद्यमनगरांतील कारागीर लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनास लावून मूठ कानाशीं धरतो आणि कोणती बेअरिंग गेली तें सांगतो. आपण वर्तमानपत्राची सुरळी कानास लावून तेवढेंच काम करूं शकतों. "सूं" असा वाऱ्यासारखा सततचा आवाज असेल तर तो पंख्याचा. त्यावरील धूळ झाडली कीं निम्मा त्रास जातो. एखादी फाईल उघडतांक्षणीं कुरकुर वाढत असेल, तर ती तबकडी होय. पंख्याच्या अपराधासाठीं तबकडी बदलून पैसे खर्च केलेल्यांचीं उदाहरणें माझ्या पाहण्यांत आहेत.

नवी तबकडी घेतांना माहितीपत्रकांत आवाजाचा आंकडा दिलेला असतो, तो 'बेल' किंवा 'डेसिबेल' ह्या मापांत. हें नांव टेलिफोनकर्त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्यावरून पडलें आहे. ते मुळांत बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष प्रिय आहे. दहा डेसिबेल म्हणजे एक बेल. तेव्हां एका कागदावर २.५ व दुसऱ्यावर २५ पाहून घोटाळून जाऊं नये. हीं मापें साध्या बेरजेचीं नव्हेत. दहा डेसिबेल वाढले कीं कानास आवाज साधारण दुप्पट भासतो. पण सारख्या आवाजाच्या दोन तबकड्या शेजारीं ठेविल्या तर वाढ केवळ तीन डेसिबेलांची होते. तबकडी स्वस्थ फिरत असतांनाचा आंकडा व दांडी धांवत असतांनाचा आंकडा असे दोन निरनिराळे दिलेले असतात. विक्रेता पहिला सांगतो. आपण दुसरा विचारावा. एवढें करूनही फिरती तबकडीच घ्यावयाची असेल, तर ५४०० फेऱ्यांची घ्यावी. ती किंचित् मंद असते, परंतु तिचा आवाज व उष्णता दोन्ही सामान्यतः कमी असतात.

पण खरा उपाय निराळाच आहे. ज्यांत फिरणारें कांहींच नाहीं असें सांठवणीचें साधन, ज्यास बाजारांत एस. एस. डी. म्हणतात, तें आतां सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आलें आहे. जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८० च्या दशकांत शोधून काढलेल्या 'फ्लॅश' नांवाच्या स्मृतीवर तें चालतें. सूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार कोंडून ठेवावयाचा, एवढेंच त्याचें काम. म्हणून तेथें ना गुंजारव, ना कुरकुर. जुन्या संगणकांतील फिरती तबकडी काढून तेथें 'साटा' जातीची अडीच इंची एस. एस. डी. बसविली असतां यंत्र मुकें तर होतेंच, पण मिनिटभर लागणारी सुरुवात कांहीं सेकंदांवर येते. शाळेच्या कामास २५० ते ५०० गिगाबाइट पुष्कळ झाले. 'एन. व्ही. एम. ई.' जातीची पट्टी अधिक वेगवान् खरी, परंतु जुन्या यंत्रांत तिला बहुधा जागाच नसते. दुकानांत जाण्यापूर्वीं हें पाहून घ्यावें. आणि आंतरजालावर शेंकडों टक्के सवलतीच्या थाटांत, कांहीं शें रुपयांत प्रचंड सांठ्याचीं साधनें विकावयास मांडलेलीं दिसतात, त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांत खोटा आंकडा भरलेला असतो. थोडा मजकूर मावतो आणि पुढचा सारा निमूटपणें नाहींसा होतो.

येथपर्यंत माझ्याशीं बहुतेक सहमत होतील. मतभेद आहे तो पुढें. पुष्कळ लोक एस. एस. डी. बसवून घेतात, घर शांत होतें, आणि त्या शांततेसच ते सुरक्षितता समजतात. फिरती तबकडी मरणास टेंकली म्हणजे पुष्कळदां ओरडते. टकटक करते, किंचाळते, फाईल उघडावयास वेळ लावते. ऐकणारास दोन दिवस तरी सवड मिळते. मुकें साधन कित्येकदां रात्रीं चांगलें असतें आणि सकाळीं संगणक त्यास ओळखीतच नाहीं. शिवाय त्यांतून एकदां पुसलेला मजकूर परत मिळविणें फार कठीण, कारण रिकामे झालेले कप्पे तें स्वतःच पुसून ठेवतें. त्याच्या कप्प्यांस लिहिण्याची मर्यादाही असते. ती मर्यादा संपत आलेलें साधन विजेवांचून कपाटांत ठेवल्यास, तीस अंश उष्णतेंत एक वर्षपर्यंत मजकूर टिकावा, एवढीच अपेक्षा घरगुती साधनांच्या मान्य प्रमाणांत धरली आहे. नव्या साधनाची गोष्ट बरीच बरी. तथापि लग्नाचीं व बाप्तिस्म्याचीं छायाचित्रें वर्षानुवर्षें कपाटांत ठेवण्याचें तें साधन नव्हे.

फिरती तबकडीही कांहीं अमर नाहीं. तिची दांडी तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चालू असतां धक्का लागला तर संपलें. २०१६ सालीं रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथें आय. एन. जी. बँकेच्या संगणकगृहांत आग विझविण्याच्या यंत्रणेची चांचणी घेतली. तेव्हां वायु सुटतांना जो प्रचंड आवाज झाला, त्यानेंच तेथील पुष्कळ तबकड्या बिघडल्या व बँकेचे व्यवहार कांहीं तास बंद पडले. आवाज करणारें यंत्र आवाजानेंच मेलें!

म्हणून कोणती जात चांगली, ह्या वादापेक्षां प्रती किती, हा प्रश्न मला मोठा वाटतो. डॉक्टर विल्यम कॅरी ह्यांचें नांव आपल्या शाळेंत सर्वांस परिचित आहे. श्रीरामपूर येथें त्यांचा मराठी कोश १८१० सालीं छापून निघाला. पुढें १८१२ च्या मार्च महिन्यांत तेथील छापखान्यास आग लागली आणि कागद, खिळे, हस्तलिखितें जळून गेलीं. मराठी कोश वांचला, कारण त्याच्या प्रती गांवोगांव पोंचल्या होत्या. अनेक भाषांचा जो मोठा कोश ते रचीत होते तो हस्तलिखितांतच होता; तो गेला, व पुन्हां पूर्ण झाला नाहीं. विद्वत्ता तीच, श्रम तेच. अंतर होतें तें प्रतींचें.

आपल्याकडे भय आगीपेक्षां पाण्याचें. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या आगस्टांत व २०२१ च्या जुलैंत ती ५५ फुटांच्याही वर गेली, आणि कुंभार गल्ली, दुधाळी ह्या भागांतील कुटुंबांस अंगावरच्या वस्त्रांनिशीं बाहेर पडावें लागलें. अशा रात्रीं संगणकाचा डबा कोण उचलतो? मुकी तबकडी व बोलकी तबकडी एकाच डब्यांत असल्या, तर दोघी एकदमच बुडावयाच्या.

तेव्हां पालकांनीं खर्चाचे दोन भाग करावे. मोठी व महाग एस. एस. डी. एकच घेण्याऐवजीं लहान घ्यावी आणि उरलेल्या पैशांत वायरीनें जोडावयाची अडीच इंची फिरती तबकडी घ्यावी. तेवढ्याच सांठ्यास ती एस. एस. डी. पेक्षां स्वस्त पडते, आणि कपाटांत विजेवांचून ठेवण्यास अधिक योग्य. शनिवारीं दुपारीं, आजी जागी असतांना, ती जोडावी. नवा मजकूर उतरून घ्यावा. यंत्राकडून रीतसर निरोप घेऊन मगच ती काढावी. आठवड्यांतून अर्धा तास तिला कुरकुरूं द्यावें. कोणाची झोंप मोडत नाहीं, व तिची कुरकुर ऐकून तिची प्रकृतिही कळते. मुलांचे निबंध व प्रकल्प ह्यांची आणखी एक प्रत गुगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ गिगाबाइटांत ठेवण्यास हरकत नाहीं. छायाचित्रांनीं मात्र ती जागा हां हां म्हणतां भरते. जुनी वापरलेली तबकडी कोणी स्वस्तांत देऊं केली, तर ती किती तास चालली आहे हें संगणकावर फुकट मिळणाऱ्या साधनानें पाहतां येतें, दुकानदारासमोरच पाहावें. तो रागावला, तर उत्तर मिळालें असें समजावें.

ज्यांचें घर नदीच्या बाजूस आहे त्यांनीं अशा दोन तबकड्या कराव्या, त्यांवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, आणि एक उंचावर राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावी. कोणाची मावशी पन्हाळ्यास असते, कोणाचे काका कागलास. नाताळांत व उन्हाळ्याच्या सुटींत जाणें होतेंच. त्या वेळीं दोहोंची अदलाबदल करावी, व परत आणलेल्या तबकडींतील एखादें जुनें छायाचित्र उघडतें कीं नाहीं, हें मुलांकडूनच पाहून घ्यावें.