सभामंडपातील कॅमेरा

उत्सवाचे दिवस जवळ आले की वर्गणीच्या याद्या निघतात. यंदाच्या यादीच्या शेवटी एक नवे कलम आढळते : ‘कॅमेरा’. भोपाळच्या पूर्वेस, रायसेन रस्त्यावरील आनंदनगरात आणि जवळच्या पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतींत जी मराठी व कोकणी घरे आहेत, त्यांतील कित्येकांचे वडीलधारे १९५६ नंतर हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याबरोबर येथे आले. येताना त्यांनी कुलदेवतेच्या तसबिरी आणल्या, आरत्यांच्या चाली आणल्या, नैवेद्याचे पान वाढण्याची रीत आणली. त्या चाली मुखोद्गत असणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे उत्सवातील रूप जपून ठेवावे, आणि तेही निगेटिव्हवर, असे तरुणांच्या मनात आले याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. आमचे भांडण आहे ते यादीतील पुढच्या ओळीशी. तेथे लिहिले आहे : ‘लायका, शक्य तितक्या लेन्सांसह.’

ही ओळ लिहिणाऱ्याने कॅमेरा उत्सवासाठी मागितला आहे की उत्सव कॅमेऱ्यासाठी, हे आम्हांस कळेनासे झाले आहे.

प्रथम एक शंका दूर करू. हातोहाती मोबाइल असताना फिल्मचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मोबाइलवरील हजारो चित्रांपैकी पाच वर्षांपूर्वीच्या उत्सवाची किती चित्रे आज आपल्या घरी सापडतात, एवढेच त्याने तपासून पाहावे. निगेटिव्ह मात्र कपाटात पडून राहते आणि नातवाच्या हाती लागते. घराघरांतील जुन्या आगफा क्लिक-३ने काढलेले मुंजीचे फोटो अजून पाहता येतात, ते याच कारणाने. शिवाय छत्तीसच चित्रे आहेत हे ठाऊक असलेला मनुष्य हात आवरून वागतो, आणि देवापुढे हात आवरलेलाच बरा.

आता रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, कॅमेराच का? या कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा नसतो. पाहण्याची खिडकी वेगळी असते. तिच्या मध्यावर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस साधतो. आरसा उडण्याचा खटका नाही, हादरा नाही, आणि नेमक्या क्षणी डोळ्यापुढे अंधारही येत नाही. चौकटीच्या बाहेरचेही दिसत राहते. पालखीपुढे कोण येत आहे ते आधीच कळते. चारशे वेगाची फिल्म घालून, लेन्स २ या आकड्यावर उघडून, सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके शटर हातात धरून देता आले, की समया आणि दोन मंद दिवे असलेल्या सभामंडपातले चित्र त्याच उजेडात मिळते. म्हणजेच फ्लॅश लागत नाही. आमच्या दृष्टीने या कॅमेऱ्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

फ्लॅशने आपल्या उत्सवांची जी दैना केली आहे ती वाचकांनी पाहिलेली आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही असे समारंभ पाहिले, की आरतीचे तबक यजमानाने देवाकडे करावे की फोटोवाल्याकडे, हेच त्याला समजेना. ‘काका, जरा इकडे बघा, तबक परत ओवाळा’ अशी आज्ञा गाभाऱ्याच्या उंबरठ्यावरून होते आणि आपण ती निमूटपणे पाळतो! गोव्याच्या देवळांतील चांदीच्या मखरावर, नक्षीदार द्वारपट्ट्यांवर तो लखलखाट पडला की चित्रात उरतो तो एक पांढरा डाग. समईच्या उजेडात देवीच्या मुखावर जी छाया असते, ती नाहीशी करूनच हा फोटो निघतो. मग काढला कशाचा?

ही आमचीच आवडनिवड आहे असे कोणी समजू नये. सेवाग्रामात १९३८च्या सुमारास कनू गांधी यांनी महात्माजींची छायाचित्रे काढण्याची परवानगी मागितली तेव्हा तीन अटी पडल्या : फ्लॅश वापरायचा नाही, कोणालाही मुद्दाम बसा-उभे राहा म्हणायचे नाही, आणि आश्रमाच्या पैशाने हा उद्योग करायचा नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला. तो रोलायफ्लेक्स होता, रेंजफाइंडर नव्हे; पण आवाज न करणाराच. वर्ध्याच्या त्या कुटीत काढलेली चित्रे आज साऱ्या देशाचा ठेवा आहेत. दहा वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार हत्येच्या काही वेळ आधी गांधीजींना भेटला. त्याच्याजवळ छोटी लायका होती. त्याचे आयुष्यभराचे बहुतेक काम पन्नास मिलिमीटरच्या एकाच साध्या लेन्सवर झाले. लेन्सांची पेटी भरून घेण्यास निघालेल्या आमच्या मित्रांनी येथे क्षणभर थांबावे.

कारण खरी गल्लत येथेच होते. लोक आधी कॅमेऱ्याचे नाव ठरवतात, मग मिळेल ती लेन्स त्यावर चढवतात. आणि ती आट्यांवर बसली की ‘जुळली’ म्हणतात. आटे जुळणे आणि लेन्स जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पत्रिकेचे छत्तीस गुण जमले म्हणजे संसार जमला असे नव्हे, हे आपल्या समाजाला तरी सांगावयास नको!

जुन्या लायकाची लेन्स ३९ मिलिमीटरच्या आट्यांची. १९५४ साली एम-३ निघाला तेव्हापासून फिरवून अडकवण्याची एम बैठक आली. लेन्स टेकते तेथपासून फिल्मपर्यंतचे अंतर आटेवाल्या कॅमेऱ्यात २८.८ मिलिमीटर, तर एम मध्ये २७.८. हा एक मिलिमीटर फार मोलाचा आहे. तेवढ्या जाडीची कडी मध्ये घातली की जुनी आटेवाली लेन्स एम कॅमेऱ्यावर अचूक चालते. उलट एम लेन्स आटेवाल्या कॅमेऱ्यावर कधीच बसत नाही. म्हणून ज्याला पुढे वाढायचे आहे त्याने बॉडी एम बैठकीची घ्यावी आणि लेन्स वाटल्यास आटेवाली घ्यावी. कडीही लेन्सच्या मापाची पाहून घ्यावी, कारण खिडकीत ५० ची चौकट उजळेल की ३५ ची, हे तीच ठरवते. एम-३ मध्ये तर ३५ ची चौकट मुळीच नाही. ५०, ९० आणि १३५ एवढ्याच आहेत. हे न पाहता ३५ ची लेन्स आणणारे गृहस्थ मग अंदाजाने चित्रे काढत बसतात.

रशियन लेन्सांचा प्रश्न याहून नाजूक आहे. फेड (खारकोव्ह, १९३४) आणि झोर्की (क्रास्नोगोर्स्क, १९४८) हे लायकाच्या धर्तीवर निघालेले सोव्हिएत कॅमेरे. त्यांच्या लेन्सांचे आटे ३९ मिलिमीटरचेच, पण अंतरमापकाचे गणित निराळे. लायकाचा मापक ५१.६ मिलिमीटरची लेन्स धरून आखलेला, सोव्हिएत लेन्स ५२.४ धरून. फरक एक मिलिमीटरही नाही. पण एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे रोखले तर फोकस सुमारे तीन सेंटिमीटर सरकतो. याच अंतरावर ५० मिलिमीटरची लेन्स २ वर उघडली असता स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण पाचच सेंटिमीटरांचा असतो. म्हणजे आजींच्या डोळ्यांवर रोखलेला फोकस कानावर जाऊन बसतो! ज्युपिटर-८ ही लेन्स वाईट नाही. झोर्कीवर ती उत्तम काम देते. तिला लायकावर चढवून मग ‘रशियन माल असाच’ म्हणणे हा अन्याय आहे. दूरच्या दीपस्तंभासाठी, किंवा लेन्स ८ वर बंद केली असता, तीही चालेल; पण दीपस्तंभासाठी कोणी रेंजफाइंडर घेत नाही. ज्युपिटर-१२ चे मागचे भिंग इतके आत जाते, की काही कॅमेऱ्यांत ते आतल्या भागांना लागते. विकत घेण्यापूर्वी नीट विचारावे, जोर लावू नये.

मापकाच्या दोन खिडक्यांमधील अंतराकडे तर कोणी पाहतच नाही. ते अंतर जितके अधिक आणि दृश्य जितके मोठे, तितका फोकस नेमका. एम-३ मध्ये हे अंतर सुमारे ६८ मिलिमीटर आणि दृश्य ०.९१ पट, म्हणजे कामाचे ६२. २००० च्या बेसा-आर मध्ये ३७ मिलिमीटर आणि दृश्य सात दशांशांच्या आत, म्हणजे जेमतेम २५. त्यावर ३५ ची लेन्स सुखाने चालेल. ९० ची मोठ्या तोंडाची लेन्स चालणार नाही. १९६१ साली कॅननने ७ या कॅमेऱ्याबरोबर ०.९५ ची लेन्स काढली. तिचे नाव अजून लोक देवासारखे घेतात. एक मीटरवर तिचा स्पष्ट पट्टा सव्वादोन सेंटिमीटरांचा. नाकावर फोकस ठेवावा की डोळ्यांवर, हा प्रश्न ज्याला हवा असेल त्याने ती घ्यावी. उत्सवमंडळाने तिच्या वाटेस जाऊ नये.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. पन्नास मिलिमीटरची, २ या उघडीपीची, एक लेन्स. सभामंडप अरुंद असेल तर पन्नासऐवजी पस्तीस. दुसरी लेन्स वर्षभराने, पहिली पुरत नाही असे चित्रांवरून दिसले तरच. लायकाने एम-६ २०२२ साली पुन्हा बाजारात आणला आहे, तो ज्यांना परवडतो त्यांनी खुशाल घ्यावा. आम्ही कोणाच्या ऐश्वर्याला नावे ठेवीत नाही. जपानची कोसिना कंपनी फोइग्टलेंडर या नावाने आटेवाल्या व एम बैठकीच्या लेन्स करते. त्या किमतीच्या मानाने चोख असतात. मात्र वर्गणीच्या पैशातून नावासाठी किंमत मोजणे आम्हांस मान्य नाही.

त्यातही ‘जुनी लायका स्वस्तात’ म्हणून जे पुढे केले जाते त्याबद्दल सावध राहावे. सोनेरी मुलाम्याच्या, जर्मन सैन्याचे गरुड कोरलेल्या ज्या ‘लायका’ बाजारात फिरतात, त्या बहुधा फेड वा झोर्कीच असतात. वरचे कोरीवकाम मागाहून केलेले. लेन्स काढून आत पाहावे. लायकात मापकाशी जोडलेल्या दांड्याच्या टोकाला लहानसे गोल चाक असते. सोव्हिएत कॅमेऱ्यात चाक नसून पाचरीच्या आकाराचे ठोस टोक असते. एवढी परीक्षा कोणालाही करता येते, आणि ती करू न देणाऱ्या विक्रेत्याशी बोलणे तेथेच थांबवावे. झोर्की-४ झोर्की म्हणूनच घेतला तर त्यात कमीपणा नाही. फक्त शटर ताणल्यावाचून त्याची गती बदलू नये, नाहीतर आतली यंत्रणा बिघडते.

आणि ज्यांची वर्गणी बेताची आहे त्यांनी लेन्स जुळवण्याच्या भानगडीतच का पडावे? १९७२ चा कॅनोनेट जी-३ क्यूएल-१७ घ्यावा. त्याची ४० मिलिमीटरची १.७ ची लेन्स कायमची जडलेली आहे. शटर लेन्समध्येच असल्याने आवाज एम-३ हूनही कमी. त्याच्या मीटरला लागणारे पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत, पण हाताने गती व उघडीप लावली की सेलावाचून तो उत्तम चालतो. याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६) दिसायला देखणा. परंतु त्याचे शटर विजेवर अवलंबून, सेल नसेल तर मंद गतीच मिळत नाही, आणि समईच्या उजेडात मंद गतीच हवी असते. आम्ही कॅनोनेटच्या बाजूचे आहोत. यादी लिहिणाऱ्यास हे रुचणार नाही, कारण कॅनोनेट गळ्यात घालून मिरवता येत नाही.

कोणताही जुना कॅमेरा घेताना रात्री दूरच्या दिव्याकडे रोखून दोन प्रतिमा एक होतात का पाहावे. मग मीटरभर अंतरावर वर्तमानपत्र तिरके धरून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एक रोल घालवावा आणि धुऊन आणावा. रोखलेलीच ओळ स्पष्ट आली तर लेन्स जुळली. हा रोल वाया गेला असे खजिनदाराने म्हणू नये. लायकासारख्या कॅमेऱ्याचे शटर रबर लावलेल्या कापडाचे असते. मध्ये आरसा नसल्याने वैशाखाच्या उन्हात उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर त्या कापडाला भोक पडते. म्हणून मिरवणुकीत झाकण लावावे. आणि झाकण लावूनही खिडकीतून सर्व काही दिसत राहते, म्हणून ते काढायला विसरू नये! पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत लेन्सला बुरशी येते, कोकणात तर हमखास. पापडाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ती ठेवावी. येथे ‘देवाक काळजी’ म्हणून भागत नाही.

रेंजफाइंडरने सर्व काही साधते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भोजपूरच्या शिवालयातील शिल्पांचे बारकावे जवळून टिपायचे असतील, किंवा मूर्तीच्या अलंकारांची नोंद ठेवायची असेल, तर तो निरुपयोगी आहे. बहुतेक लेन्स सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर यांच्या अलीकडे येतच नाहीत, आणि जवळ गेल्यावर खिडकीतले व लेन्समधले दृश्यही एक राहत नाही. त्या कामाला आरशाचा कॅमेरा आणि तिपाई हवी. तसेच ज्या देवस्थानात छायाचित्रास मनाई आहे तेथे आवाज न करणारा कॅमेरा म्हणजे चोरून काढण्याची सोय, असा अर्थ कोणी काढू नये. पुजाऱ्यांना आधी विचारावे आणि नाही म्हटल्यास कॅमेरा पिशवीत ठेवून दर्शन घ्यावे.

फिल्म स्वस्त नाही. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा १९६० साली स्थापन झालेला कारखाना बंद पडला आहे, आणि रोल आता परदेशातूनच येतात. लायका आणि चार लेन्स आल्या की रोलसाठी पैसे उरणार नाहीत आणि पुढच्या वर्षी कॅमेरा कोणा पदाधिकाऱ्याच्या शोकेसमध्ये दिसेल, अशी आमची धास्ती आहे. सभेपुढे म्हणून आम्ही लेखी सूचना ठेवीत आहोत : एक कॅमेरा, एक लेन्स, उरलेल्या रकमेतून पाच वर्षांचे रोल व धुलाई, कॅमेरा दोघांच्या ताब्यात, त्यांतील एक पंचविशीच्या आतला, आणि ज्या वडीलधाऱ्यांचे चित्र निघेल त्यांच्या घरी त्याची एक प्रत पोचवणे बंधनकारक. सूचना फेटाळली गेल्यास आमची वर्गणी ‘लायका’ या रकान्याखाली धरू नये. ‘महाप्रसाद’ या रकान्यात खुशाल घालावी.