काक्षी फुटणार आहे का? तुम्हीच पाहा!

रात्रीची जेवणं आटोपली की जरा गच्चीवर या. फेब्रुवारीत आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून मान वर केलीत, की मृग नक्षत्र दिसेल. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि मधोमध एका ओळीत तीन तारे, म्हणजे हरणाला लागलेला बाण. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला तांबूस तारा म्हणजे काक्षी, इंग्रजीत बीटलज्यूस.

दिसतो ठिपक्याएवढा, पण सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, चौघेही त्याच्या पोटात जातील! म्हणूनच १९२० मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत त्याचा व्यास मोजता आला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास असा मोजण्याची ती पहिलीच वेळ.

काक्षीचं वय जेमतेम एक कोटी वर्षं. आपला सूर्य साडेचारशे कोटींचा. तरीही म्हातारा काक्षीच! कारण वजनदार तारे आपलं इंधन उधळपट्टीने जाळतात. ते संपलं की त्याचा स्फोट होणार, हे नक्की.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं तेज निम्म्याहूनही कमी झालं, आणि 'आता फुटणार' अशी चर्चा जगभर सुरू झाली. झालं होतं वेगळंच. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि ती आपल्या नजरेआड आली. दोन-तीन महिन्यांत काक्षी पुन्हा उजळला.

असा मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी वर पाहा. बाणाची रेघ उजवीकडे वर वाढवली की रोहिणी हा नारिंगी तारा दिसतो. काक्षी सहसा रोहिणीपेक्षा तेजस्वी असतो. २०२० मध्ये तो तिच्याहून फिका पडला होता. घरातल्या मुलांनाही ही तुलना सहज जमेल.

स्फोट व्हायला अजून हजारो, कदाचित लाखभर वर्षं लागतील. झालाच, तर काक्षी काही महिने भरदिवसाही दिसेल. पण इतक्या अंतरावरून आपल्याला धोका नाही. तो साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा ज्ञानेश्वर होऊन गेले होते आणि शिवराय जन्मायचे होते.

एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला आज पाच मिनिटं द्याल ना?