घोड्याला थांबता येते का?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी नावाची प्रसिद्ध शर्यत होते. २४०० मीटरचे अंतर घोडे सुमारे अडीच मिनिटांत कापतात. पाहणाऱ्याचे भान हरपते. पण या शर्यतींत घोड्यांचे हाल होतात का? शौकीन म्हणतात, “छे! घोडा पळण्यासाठीच जन्माला येतो.” हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू.

एक गोष्ट खरी, की घोड्याचे शरीर पळण्यासाठीच घडलेले आहे. विश्रांती घेताना त्याच्या हृदयाचे मिनिटाला ३० ते ४० ठोके पडतात, भरधाव दौडीत ते २००च्या वर जातात. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी त्या वेळी रक्तात उतरतात आणि स्नायूंना जादा प्राणवायू मिळतो.

आता पाय पाहा. घोड्याचा खूर म्हणजे एकाच बोटाचे मोठे नख. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरे तर त्याचे मनगट! त्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत ती हाडे, कंडरा आणि कातडी. पायाचे टोक हलके, म्हणूनच वेग मोठा. पण दौडताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. घोडा साडेचारशे ते पाचशे किलोंचा. करा गुणाकार! अशा भाराने हाडात बारीक तडे जातात. विश्रांती मिळाली तर ते भरून येतात. नाही मिळाली तर एके दिवशी हाड मोडते.

मोडलेला पाय घोड्याला फार महाग पडतो. अमेरिकेतील बार्बारो या नामांकित घोड्याचा मागचा पाय मे २००६ मध्ये शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, आठ महिने उपचार झाले. पण भार दुसऱ्या पायांवर पडून तेथील खुरांना दाह झाला. अखेर जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनारहित मरण द्यावे लागले.

माळावरचा मोकळा घोडाही पळतो, पण दमला की थांबतो, पाय दुखला की थांबतो. शर्यतीतल्या घोड्याने कधी थांबायचे, हे पाठीवरचा जॉकी ठरवतो. त्यातून घोडा हा वाघ-लांडग्यांचे भक्ष्य होणारा प्राणी. लंगडणारे जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरते, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे.

आणि चाबूक? “घोड्याची कातडी जाड, त्याला काय लागते!” असे म्हणतात. २०२० साली ऑस्ट्रेलियात माणसाच्या व घोड्याच्या कातडीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. वेदना जाणवणाऱ्या वरच्या थरातील मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या देशाचा १९६०चा कायदा प्राण्यांना अनावश्यक वेदना देण्यास मनाई करतो. मग करमणुकीसाठी मारलेला फटका आवश्यक कसा?

शर्यतीच्या घोड्यांना उत्तम खुराक मिळतो, पशुवैद्य मिळतात, हे मी नाकारत नाही. कोवळ्या वयातल्या बेताच्या व्यायामाने हाडे बळकट होतात, हेही खरे. पण सांगाड्याची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असताना दोन वर्षांच्या घोड्याला शर्यतीत उतरवणे म्हणजे बेताचा व्यायाम नव्हे.

म्हणून माझे मत असे : पळणे क्रूर नाही, थांबू न देणे क्रूर आहे. आज होतात तशा शर्यती मला मान्य नाहीत. चाबूक बंद व्हावा, दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती बंद व्हाव्यात आणि दुखावलेल्या घोड्याला पुरी विश्रांती मिळावी. हे अशक्य नाही. नॉर्वेने १९८२ सालीच शर्यतीतल्या चाबकावर बंदी घातली, आणि तेथे शर्यती आजही होतात.

तुम्हांला हे पटते का? टांग्याचा किंवा वरातीचा घोडा दिसला, तर त्याचे पाय जरा निरखून पाहा. मग आपले मत ठरवा.